शेजारच्या वर्गातली लेकरं

आखाडा बाळापूर
१६ जून २०२५

चि. कोमल,

आज शाळा उघडली. पहिलीच्या नव्या मुलांना कागदाच्या टोप्या घालून वर्गात नेलं. पुस्तकं वाटली. दुपारी खिचडीऐवजी गोड भात होता. साडेचारला कुलूप लावलं, वाटेत गाडीत पेट्रोल भरलं आणि घरी आलो. सकाळचीच भाजी होती, तिच्यावर भागवलं.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितो असं नाही. फोनवर मला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही, हे तुला माहीत आहे. तुझी आई माझ्या हातातून फोन घ्यायची आणि पुढचं बोलायची. आता ते होणार नाही, म्हणून लिहितो.

तिच्या जागेवर अजून कोणी दिलेलं नाही. पहिली-दुसरी तिच्याकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, असं आमचं इतकी वर्षं चाललं. आता चारही वर्ग माझ्याकडे आहेत. सगळी मुलं माझ्या खोलीत बसवली. तिच्या खोलीला कुलूप आहे.

तिची मुलं मला ऐकत नाहीत. माझ्याकडे मोठी मुलं असायची, त्यांना एकदा डोळे वटारले की पुरायचं. ही लहान आहेत. एक रडायला लागलं की दुसरं रडतं, तिसरं उठून पळतं, चौथं त्याची पाटी ओढतं. आज मी दोनदा ओरडलो. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा पहिलीतल्या एका मुलानं चड्डीत केलं. त्याला मीच धुतलं.

तुझी आई कधी ओरडली नाही. मधल्या भिंतीला वर झरोका आहे, ओरडली असती तर मला ऐकू आलं असतं. छडीही तिच्याकडे नव्हती. मला वाटायचं, लहान लेकरं आहेत, आपोआप ऐकत असतील. आज कळलं की आपोआप काही होत नाही.

सिद्धेश्वरच्या शाळेवर होतो तेव्हा तू दोन वर्षं तिच्या वर्गात होतीस. म्हणून विचारतो. ती वर्ग कसा सांभाळायची? मी भिंतीच्या या बाजूला होतो. तू त्या बाजूला होतीस.

विचारण्याचं कारण असं. वारंगा फाट्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यावर्षीपासून आमच्या शाळेच्या गावातही येते. मुलं अशीच गोंधळ करत राहिली तर आईबाप त्यांना तिकडे टाकतील. पट उतरला की दुसरं पद जातं. मग तिची खोली उघडायचं कारणच उरणार नाही. तिची मुलं तिथे टिकवायची, एवढंच मी ठरवलं आहे. दुसरं काही ठरवता येत नाही.

प्रकृतीला जप. हरीशरावांना नमस्कार.

बाबा


५ जुलै २०२५

चि. कोमल,

आज शनिवार, सकाळची शाळा. अकराला सुटली. येताना दळण आणलं.

पत्राचं उत्तर आलं नाही. पण मला निम्मं उत्तर इथेच मिळालं, ते कळवतो.

दुसरीत राणी नावाची मुलगी आहे. आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर गेलेले एप्रिलात येतात, तोवर ती केशरबाई नावाच्या आजीजवळ राहते. मुलगी हुशार आहे, पण तिला राग फार. राग आला की चावते. गेल्या आठवड्यात तिनं एकाच्या पाटीचे दोन तुकडे केले. काल मी तिला जवळ बसवून विचारलं,

"तुला राग आला की मॅडम काय करायच्या गं?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"तुमच्याकडं धाडायच्या. मोजाया."

"काय मोजायला?"

"लेकरं! तुमच्या वर्गातली. तुमाला ठावं न्हाई का?"

सगळा वर्ग हसला. मागून एक म्हणाला, "सरलाच ठावं न्हाई!"

खरंच मला ठाऊक नव्हतं. तिच्या वर्गातलं कोणीतरी रोज माझ्या दारात येऊन उभं राहायचं. "मॅडमनं विचारलंय, तुमच्यात किती लेकरं हायत?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच बोट फिरवत मोजायला लागायचं. ओठ हलायचे. मधेच कोणी हललं की चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, खिचडीच्या तांदळासाठी आकडा हवा असेल. एकदा घरी म्हणालो, "सकाळी हजेरी सांगतो ना, परत परत काहून विचारतेस?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मोजू द्या हो. मोजणं पक्कं होतं."

राग आलेलं मूल व्हरांड्यातून चालत यायचं, मोजायचं, आकडा डोक्यात धरून परत जायचं. आकडा सांडू नये म्हणून भांडण विसरायचं. एवढंच होतं. मारणं नाही, कोपऱ्यात उभं करणं नाही, आईबापांना बोलावणं नाही.

गेल्या हिवाळ्यात तर मुलं फारच वेळा यायची. म्हणून नांदेडच्या डॉक्टरांना मी सांगितलं, की अलीकडे विसरते, एकच आकडा दिवसातून चारदा विचारते. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून हसली. तू तिच्या शेजारी बसली होतीस. तूही हसलीस. मी पोटाच्या दुखण्यात हे काय मधेच सांगतो, म्हणून दोघी हसता असं मला वाटलं.

सिद्धेश्वरला तूही माझ्या दारात यायचीस. सगळ्यांत जास्त तूच यायचीस. माझ्याकडे बघायची नाहीस, मोजून जायचीस. मला वाटायचं, शाळेत बाप म्हणून ओळख दाखवायची नाही असं आईनं शिकवलं असेल.

आता मला एकच विचारायचं आहे. मुलाला पाठवताना ती नेमकं काय म्हणायची? चिडून सांगायची, की हसून? राणीला विचारलं तर ती म्हणते, "असंच." तुला आठवत असेल.

बाबा


२ ऑगस्ट २०२५

चि. कोमल,

आज शाळेत वजन-उंची घेतली. दुपारी हरीशरावांचा फोन आला.

त्यांनी सरळ सांगितलं ते बरं केलं. म्हणाले, "बाबा, पत्रं मिळतात. पण ती उघडत नाही. मी कपाटात ठेवतो."

मी विचारलं, "फाडत नाही ना?"

"नाही, नाही. फाडत नाही."

"मग असू द्या."

मी त्यांना माझा प्रश्न सांगितला. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, पुण्यात पाऊस किती ते सांगितलं. मग म्हणाले, "ती म्हणाली... राहू द्या बाबा."

"सांगा. मला चालेल."

"म्हणाली, आईला विचारायचं होतं. होती तेव्हा."

बराबर आहे.

तुझं म्हणणं होतं की डिसेंबरातच तिला पुण्याला न्यावं. ती म्हणाली, एप्रिलात परीक्षा होऊ दे, मग जाऊ. मी तिचं ऐकलं. तेराव्याला तू अंगणात जे बोललीस, ते शेजारच्या जिवनबाईंनीही ऐकलं. त्या अजूनही मला भाजी देताना काही विचारत नाहीत. मी त्यावर काही लिहिणार नाही.

शाळेचं लिहितो. पद्धत कळली, पण ती चालवता येईना. मुलाला मोजायला पाठवायचं तर शेजारी दुसरा वर्ग हवा. माझ्याकडे सगळी एकाच खोलीत. एकदा तिच्या खोलीचं कुलूप काढलं आणि राणीला म्हटलं, जा, आतली बाकडी मोजून ये. ती दारातूनच परतली.

"काय झालं?"

"तिथं कोनीच न्हाई."

"बाकडी आहेत की."

"बाकडी काय मोजायची? ती काय हलून राहिली का?"

तिचं खरं होतं. हलणारं मोजायला लक्ष लागतं.

मग आवाराच्या कोपऱ्यातल्या अंगणवाडीत गेलो. तिथल्या शालूबाई तुला आठवत असतील, आईची मैत्रीण. त्यांना म्हटलं, माझ्याकडचं एखादं मूल अधूनमधून तुमची लेकरं मोजायला येईल, येऊ द्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"सर, माझी लेकरं मला मोजता येईनात. एक खाली बसवलं की दोन उठतेत. तुमचं लेकरू काय मोजंल?"

"तेच हवंय. वेळ लागला पाहिजे."

त्यांनी कडेवरचं मूल खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "साधनाताईचं हाय का हे?"

मी हो म्हणालो. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "धाडा. धाडा."

बाबा


३० ऑगस्ट २०२५

चि. कोमल,

सकाळची शाळा. पोळ्याच्या सुट्टीनंतर मुलं आता रुळली आहेत. आज दोरीवरच्या उड्या घेतल्या. घरी येऊन झोपलो, बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली.

तू वाचत नाहीस हे माहीत असल्यामुळे लिहिणं सोपं झालं आहे. चांगलंही लिहिता येतं.

चांगलं असं की राणी चावायची थांबली. तिच्या मुठी आवळल्या, खालचा ओठ आत गेला, की मी म्हणतो, "राणी, अंगणवाडीत किती आहेत बघून ये." ती तरातरा जाते. येते ती हळू चालत, कारण आकडा डोक्यात असतो. परवा आली आणि दारातूनच विचारलं, "सर, एक लेकरू शालूबाईच्या कडंवर हाय. त्याला धरू का न्हाई धरू?" मी म्हटलं, धर. तर म्हणते, "आन् पाळण्यातलं? ते तर शाळेचं न्हाई, शालूबाईच्या लेकीचं हाय." मला हसू आलं. वर्गात मी हसलो असं पहिल्यांदाच झालं असावं, कारण मुलं गप्प होऊन बघायला लागली.

आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष मुंजाजी अधूनमधून चक्कर मारतात. त्यांचा नातू आयुष तिसरीत आहे. खिडकीतून डोकावून म्हणाले, "सर, जूनात नुसता बाजार भरला व्हता इथं. आता सगळं गुपचूप. गोळीबिळी देता का काय लेकरायला?"

"नाही, मोजायला लावतो."

"मोजा, मोजा. गाडीवाला रोज माझ्या दारात हॉर्न वाजवून राहिला, नातू द्या म्हनून. मी म्हनलं, आमचे सर हायेत तवर न्हाई."

त्या दिवशी मी तिची खोली उघडून झाडून घेतली. पट टिकला तर दुसरा शिक्षक मिळेल, तेव्हा खोली तयार असावी. फळ्यावर तिनं लिहिलेली तारीख होती. ती तशीच ठेवली, बाकीचा फळा पुसला.

एक बारीक गोष्ट. मधल्या सुट्टीत आयुष राणीला म्हणत होता, "ए राणी, जा, मोजून ये." बाकीची हसली. राणीही हसली. मुलांचं चालायचंच.

बाबा


२० सप्टेंबर २०२५

चि. कोमल,

पाऊस थांबत नाही. सोयाबीन पाण्यात आहे. आज शाळेत थोडीच मुलं आली. मी सुटेपर्यंत बाराखडीच घेतली.

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडीच्या रांगेत आयुषनं राणीला पुढे ढकललं. ती वळली, तर तो म्हणाला, "राग आला का? जा, मोजून ये!" मग सगळी रांग म्हणायला लागली, "मोजून ये, मोजून ये!" ताटं वाजवत. मी ऑफिसच्या कपाटातून तेलाचा डबा काढत होतो. बाहेर येईपर्यंत राणीनं दगड उचलला होता. तो आयुषच्या भुवईवर लागला. डोळा वाचला. बाळापूरला आणून टाके घातले. मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो. माझा सदरा रक्तानं भरला, तो अजून भिजत आहे.

संध्याकाळी मुंजाजी घरी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"सर, तुमचा दोष न्हाई. पन लेकरू एकुलतं हाय. सूनबाई ऐकंना. सोमवारपासून गाडीनं जाईल."

"टाके निघेपर्यंत तरी थांबा."

"आता कशाला तकलीफ तुमाला." जाताना दारात म्हणाले, "मॅडम होत्या तवर असं झालं न्हाई बघा."

त्यांच्यामागे आणखी चार घरांनी मुलं काढली.

काल केशरबाईकडे गेलो. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं, पण स्वतः बसल्या नाहीत.

"सर, एक इचारते, राग धरू नका. सगळ्या शाळंत माझीच नात काहून दिसते तुमाला धाडायला? बाकीच्यायची लेकरं बसून शिकतेत आन् माझी हिंडते. आमचं घर असं म्हनून का?"

मी म्हणालो, तसं नाही, तिच्या भल्यासाठी आहे.

"भल्यासाठी! गल्लीतली पोरं तिला मोजणी म्हनून हाका मारतेत. रडत येते रोज. तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. हे वाक्य मी या पत्रांत किती वेळा लिहिलं ते मीच मोजत नाही.

राणी आत भांड्यांआड बसली होती. मी हाक मारली, ती बाहेर आली नाही. केशरबाई म्हणाल्या, यंदा तिला आईबापासोबतच पाठवते. तिकडे कोणाचं तान्हं सांभाळेल. इथं राहून काय शिकली, दगड मारायला?

ते लोक दिवाळीनंतर निघतात. तोवर काही करता येतं का बघतो.

बाबा


२८ ऑक्टोबर २०२५

चि. कोमल,

दिवाळीची सुट्टी आहे. फराळ जिवनबाईंनी दिला. आज पहाटे उठून वारंगा फाट्यावर गेलो होतो, आता परत आलो.

काही करता आलं नाही. केशरबाईकडे तीनदा गेलो. राणीच्या बापाला, वैजनाथला, भेटलो. तो माझ्याशी हात जोडूनच बोलतो. मी म्हटलं, माझ्या घरी ठेवा, शेजारच्या जिवनबाई आहेत, मी रोज सोबत नेईन आणेन. तो म्हणाला, "सर, तुमच्या घरी बाईमानूस न्हाई." मी तिथून उठलो.

मुकादमाचे ट्रक फाट्यावर लागले होते. भांडी, पाल, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं वर चढवत होते. राणी खाली एका गाठोड्यावर बसली होती. नवा फ्रॉक होता. मी तिला पाटी आणि दुसरीची पुस्तकं दिली. तिनं पुस्तकं घेतली, पाटी घेतली नाही. म्हणाली, "फुटंल."

मी विचारलं, "तिकडे शाळा असेल तर जाशील का?"

"बघू."

तिनं पुस्तकं गाठोड्यात सारली. मग मी म्हटलं, "राणी, मी तुला मोजायला पाठवायचो तेव्हा तुला वाईट वाटायचं का?"

"पयलं न्हाई वाटायचं. मंग वाटायचं."

"मग मॅडम पाठवायच्या तेव्हा?"

"मॅडम तर समद्यायलाच धाडायच्या," ती म्हणाली. "रागात असू दे, नसू दे. हुशार पोरं, रडकी पोरं, समदी. कोनाला कळायचंच न्हाई, कोन काहून चाललं. तुमी मला एकलीलाच धाडलं."

कोमल, मी या गोष्टीकडे बघितलंच नव्हतं. मी रोज माझ्या दारात येणारी मुलं पाहिली होती. त्यात शांत मुलंही असायची. चिडलेली तेवढी लक्षात घेतली आणि त्याला पद्धत म्हटलं. बाकीची मुलं तिनं त्या एकाला झाकायला पाठवली होती.

असं मला वाटलं आणि मी तसं म्हणालो. "म्हणजे कोणाला लाज वाटू नये म्हणून सगळ्यांना पाठवायच्या."

राणीनं मान हलवली, पण हो म्हणून नव्हे.

"थंडीत तर लई धाडायच्या. दोघा-दोघांला. येक आलं की दुसरं. म्हनायच्या, नीट मोजा, घाई करू नका. मी येकदा लवकर आले तर मॅडम भिंतीला डोकं टेकून हुब्या व्हत्या. पोट धरून. मला म्हनल्या, चुकलं तुझं, परत मोजून ये." तिनं माझ्याकडे बघितलं. "मी चुकले नव्हते. बराबर मोजलं व्हतं."

"बाकीची मुलं?"

"त्यायला डोळे मिटून पाढे म्हनाया लावायच्या."

ते पाढे मला झरोक्यातून ऐकू यायचे. मी माझ्या मुलांना म्हणायचो, बघा, लहान असून कशी एका सुरात म्हणतात.

तेवढ्यात वैजनाथनं तिला काखेत धरून वर चढवलं. तिनं हात हलवला नाही. वर गेल्यावर लगेच कोणाचं तरी तान्हं तिच्या मांडीवर दिलं. ट्रक गेला. मी तिथेच हॉटेलात चहा घेतला.

बाबा


१० नोव्हेंबर २०२५

चि. कोमल,

आज दुसरं सत्र सुरू झालं. तिच्या वर्गातली जेवढी उरली आहेत तेवढी पहिल्या दोन बाकड्यांवर मावली. गोंधळ असा होत नाही. आता सगळी ऐकतात. शालूबाई विचारत होत्या, कोणी मोजायला येत नाही का. मी नाही म्हणालो.

दुपारी तालुक्याहून फोन आला. दुसरं पद यंदा मिळणार नाही, पुढच्या वर्षी पट पाहून ठरेल. तिच्या खोलीत मी खिचडीचे तांदूळ ठेवणार नव्हतो, पण बाहेर ओल येते, म्हणून आज पोती आत नेली. फळा झाकला गेला.

फाट्यावरून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. त्यातलं किती मुलांसाठी होतं आणि किती तिच्या स्वतःसाठी, हे मला वेगळं करता येत नाही. सिद्धेश्वरला ती निरोगी होती, तेव्हाही पाठवायची. तेव्हा सगळ्यांना पाठवायची का, की तुलाच? हे तुला माहीत आहे. मला कधी कळणार नाही. तुझं कपाट उघडून कोणी ही पत्रं वाचली तरी कळणार नाही.

दुसरं असं. तिचं दुखणं किती होतं हे ती घरी सांगत नव्हती. रात्री मी विचारायचो, ती म्हणायची, ठीक आहे. ते पहिलीतल्या मुलांना माहीत होतं. राणीला माहीत होतं. मी भिंतीच्या या बाजूला भागाकार शिकवत होतो, आणि तिचं प्रत्येक मूल माझ्या दारात येऊन, माझी मुलं मोजून, परत जात होतं. त्यांतलं एकही मला काही बोललं नाही. तिनं सांगू नका म्हटलं असेल, म्हणून बोलली नाहीत. तिचा वर्ग तिचं एवढं ऐकायचा.

हे तुला समोर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी तेच तर म्हणत होते. म्हणून लिहिलं. तू तेराव्याला म्हणालीस त्यातलं मी काही खोडून काढत नाही. जोडतही नाही.

पुढच्या महिन्यापासून पत्र लिहिणार नाही. हरीशरावांना उगीच कपाटात जागा करावी लागते. तुमचं दोघांचं चांगलं चालावं. तुला मूल झालं तर मला कळवावंच असं नाही.

नळाला आत्ता पाणी आलं. गच्चीवरची टाकी भरायची तर एकानं खाली तोटीपाशी पाइप धरावा लागतो आणि एकानं वर. तोटी सैल आहे, पाइप सुटतो. मी बादल्यांनी नेतो. तीन-चार खेपांत माझ्यापुरतं होतं. पाणी जायच्या आत उठतो.